पोटातील उपकारक जंतू

चौथीच्या वर्गात आरोग्याचा पाठ चालू होता. जंतू डोळ्यांना दिसत नाहीत, ते रोग उत्पन्न करतात, म्हणून जेवणापूर्वी हात धुवावेत, असे मी नेहमीप्रमाणे सांगितले. तोच एका मुलीने विचारले, "गुरुजी, दह्यात जंतू असतात असे माझी ताई म्हणते. मग आपण दही कसे खातो?" प्रश्न रास्त होता आणि त्याचे समाधानकारक उत्तर त्या वेळी माझ्यापाशी नव्हते. आपल्यापैकी पुष्कळांची स्थिती याहून निराळी नसावी. जंतू म्हणजे शत्रू, एवढा अर्धाच भाग आपण शिकवीत आलो आहोत. उरलेला अर्धा भाग मुलांच्या पोटाशी निगडित असल्यामुळे तो शिक्षकांस ठाऊक असणे अगत्याचे आहे.

मनुष्याच्या देहात, विशेषतः मोठ्या आतड्यात, जंतूंची फार मोठी वस्ती असते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका गणनेनुसार सत्तर किलो वजनाच्या प्रौढ पुरुषाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जंतू असतात. त्याच्या स्वतःच्या पेशींची संख्याही साधारण तितकीच भरते. या सर्व जंतूंचे वजन मात्र २०० ग्रॅमच्या आसपासच असते. जठरातील तीव्र आम्लात फार थोडे जंतू टिकतात व लहान आतड्यातून अन्न लवकर पुढे सरकते. मोठ्या आतड्यात अन्नाचा उरलेला भाग बराच काळ रेंगाळतो आणि तेथे प्राणवायू जवळजवळ नसतो. प्राणवायूवाचून जगणाऱ्या जंतूंना ही जागा मानवते.

हे जंतू तेथे करतात तरी काय? ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ किंवा मेथीची भाजी खाल्ली असता तिच्यातील पिष्ट व प्रथिने यांचे पचन बहुतांशी लहान आतड्यातच होते. चोथा पचविणारे पाचकरस मात्र मनुष्याच्या शरीरात तयार होत नाहीत. चोथ्यामुळे पोट साफ होते, एवढेच पूर्वी सांगितले जाई. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. मोठ्या आतड्यातील जंतू या चोथ्याचा बराचसा भाग आंबवितात व त्यापासून काही आम्ले तयार करतात. त्यांपैकी ब्युटिरिक आम्ल हे त्या आतड्याच्या अस्तरातील पेशींचे मुख्य इंधन होय. शरीराच्या इतर भागांस रक्तातून पोषण मिळते; या पेशींचा निर्वाह मात्र मुख्यतः जंतूंनी शिजविलेल्या शिध्यावर चालतो. म्हणून चोथ्याचे अन्न सुटले की जंतूंची उपासमार होते व अस्तराचेही पोषण घटते. याखेरीज हे जंतू के जीवनसत्त्व व ब गटातील काही जीवनसत्त्वे तयार करतात, आणि जागा व अन्न आधीच व्यापून बाहेरून आलेल्या रोगजंतूंना सहसा थारा देत नाहीत. शरीराच्या प्रतिकारशक्तीस मित्र कोण व शत्रू कोण हे ओळखावयासही त्यांच्याच सहवासात शिकावे लागते.

ही वस्ती बाळपणीच वसू लागते. मातेच्या दुधात अशा काही शर्करा असतात की त्या बाळाला स्वतःला पचत नाहीत. त्या बाळाच्या पोटातील बायफिडो जातीच्या जंतूंचे खाद्य आहेत! आई एकाच वेळी बाळाला व त्याच्या जंतूंना जेवू घालते, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. स्तनपान करणाऱ्या अर्भकांत हे जंतू हेन्री तिसिये या फ्रेंच संशोधकास १८९९ साली आढळले होते. गावातील माता शिक्षकाचे म्हणणे ऐकतात; पहिले सहा महिने केवळ अंगावरचे दूध पाजण्याचा आग्रह धरताना हे कारणही त्यांस जरूर सांगावे.

आता खरी चिंतेची गोष्ट. मुलाला जुलाब लागले की दुकानातून गोळी आणून देण्याची रीत खेडोपाडी दिसते. ही गोळी पुष्कळदा प्रतिजैविक असते. प्रतिजैविक औषध रोगजंतूंबरोबर पोटातील उपकारक जंतूंचाही संहार करते. लहान मुलांचे बहुतेक जुलाब विषाणूंमुळे होतात व विषाणूंवर या औषधाचा काडीचाही उपयोग होत नाही. अशा वेळी जलसंजीवनी, झिंकच्या गोळ्या व नेहमीचे अन्न चालू ठेवणे, हाच उपचार होय. आशा कार्यकर्तीकडे जलसंजीवनीची पाकिटे मिळतात. शौचातून रक्त पडत असेल, मूल मलूल झाले असेल किंवा पाणीही पोटात ठरत नसेल, तर मात्र विलंब न करता डॉक्टरांकडे न्यावे. डॉक्टरांनी प्रतिजैविक दिल्यास ते सांगितले तितके दिवस द्यावे. औषधाची निंदा करण्याचा येथे हेतू नाही. विनाकारण घेण्याविषयी तक्रार आहे.

दह्याविषयीही अवास्तव सांगू नये. १९०८ चे नोबेल पारितोषिक मिळविणारे मेचनिकॉव्ह यांनी आंबविलेल्या दुधाने आयुष्य वाढते असे प्रतिपादन केले, पण ते सिद्ध झाले नाही. दह्यातील जंतू सहसा आतड्यात कायमचे ठाण मांडीत नाहीत. तरीही दही-ताक हे उत्तम अन्न आहे, आणि बाजारातील महागड्या बाटल्यांवाचून कोणाचे अडत नाही. शालेय पोषण आहारात प्राथमिक वर्गातील मुलामागे दररोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ वा कडधान्य व ५० ग्रॅम भाजी धरलेली आहे. यांपैकी भाजी व उसळच मुले ताटात टाकतात, असा माझा अनुभव आहे. पंगतीत शिक्षकाने स्वतः बसून ती खाल्ली म्हणजे पुष्कळ फरक पडतो.

त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर पुढे मी तीन वाट्यांनी दिले. तिन्हींत तापविलेले दूध घेतले. पहिलीत दूध कोमट झाल्यावर विरजण घातले, दुसरीत काहीच घातले नाही, तिसरीत उकळते दूध असतानाच विरजण घातले, आणि तिन्ही झाकून ठेवल्या. दुसऱ्या दिवशी पहिल्या वाटीत घट्ट दही लागले होते, इतर दोहोंत नाही. तिसरीत का लागले नाही, असे विचारताच ती मुलगी म्हणाली, "विरजणातले जंतू भाजले, गुरुजी." शिक्षकांनी हा प्रयोग करताना हात व वाट्या मुलांकडून स्वच्छ धुऊन घ्याव्यात, रोगजंतू खरोखरच असतात, हा धड्याचा पहिला भाग त्यामुळे विसरला जात नाही. पहिल्या वाटीतील दही मुलांस वाटावे व इतर दोन वाट्यांतील दूध टाकून द्यावे.