इंजिनाच्या झाकणाखाली

विमानांची घरघर मुंबई विमानतळाजवळच्या वाकोल्याला नवी नाही. तरीही फेब्रुवारी २०१६ मध्ये, जवळच असलेल्या वांद्रे-कुर्ला संकुलात (बीकेसी) एक विमान बघायला लोकांची झुंबड उडाली. ‘मेक इन इंडिया’ सप्ताहातलं हे सहा आसनी विमान कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत, चारकोपच्या इमारतीच्या गच्चीवर बांधलं होतं. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याला व्हीटी-एनएमडी ही नोंदणी मिळाली आणि २०२० मध्ये धुळ्यात त्याची चाचणी उड्डाणं झाली.

बघे पंख न्याहाळतात. घरी विमान बांधणाऱ्याची झोप मात्र इंजिनाच्या झाकणाखालच्या तेलाच्या होजपायी उडते.

घरी बांधलेल्या विमानांत नेहमी दिसणारं लायकमिंग ओ-३२० घ्या. पोटात जेमतेम साडेसात लिटर तेल. ते बेअरिंगना वंगण देतं, उष्णता घेतं आणि होजमधून कूलरकडे जाऊन थंड होऊन परततं. वाटेत होज फुटला, तर पंपच ते तेल बाहेर फेकत राहतो. मग वैमानिकाकडे उरतात ती फक्त काही मिनिटं.

म्हणून इथे गॅरेजमधला पाइप चालत नाही. विमानाच्या फिटिंगचं तोंड ३७ अंशांत उतरतं, मोटारीच्या ब्रेकपाइपचं ४५ अंशांत. चुकीची जोडी पान्याने कितीही आवळा, दोन्ही तोंडं एका कडेवरच टेकतात आणि तेल झिरपायला वाट मिळते. आठ नंबरचा होज म्हणजे आठ सोळांश, अर्थात अर्ध्या इंचाच्या नळीशी जुळणारा. इंजिनात बसणाऱ्या निमुळत्या आट्यांना सीलंट लावतात, पण पहिले एकदोन आटे कोरडे सोडून. टेफ्लॉन टेप तर नकोच. तिचा एखादा तुकडा तुटून तेलाच्या बारीक वाटेत अडकायचा.

होज बसवताना आधी बघायची ती त्याच्या अंगावरची लांब रेघ. ती वळली की होजला पीळ पडला. नट आवळताना होजसुद्धा सोबत फिरतो, म्हणून एका पान्याने फिटिंग धरायचं, दुसऱ्याने नट फिरवायचा. थोडी ढील हवीच, कारण रबरी आधारांवरचं इंजिन हलतं आणि फायरवॉल, म्हणजे इंजिनामागची भिंत, जागची हलत नाही. पण ढील जास्त झाली की होज धातूवर घासतो. होजवर बाहेरून चढवायचं नारिंगी कवच आगीपासून बचावासाठी. ते चढवलं की गळती मात्र उशिरा कळते. तेलाचा दाब मोजणारा सेन्सर इंजिनावर लटकवण्याचा मोह टाळावा. कंपनांनी त्याचं फिटिंग तडकतं. तो फायरवॉलवर बसवून मधे होज दिलेला बरा.

पहिल्यांदा इंजिन सुरू करण्याआधी स्पार्क प्लग काढून, दाबाचा काटा हलेपर्यंत ते स्टार्टरने फिरवतात. मग थोडा वेळ चालवून बंद करतात, टॉर्च घेऊन प्रत्येक नटाखाली बोट फिरवतात.