पामर साहेबाची पेढी आणि आपला महसूल

आमच्या पिंपळगाव रेणुकाईला मिरचीचा मोठा बाजार भरतो. हंगामाआधी व्यापाऱ्याकडून उचल घेतली की भाव मागायला तोंड राहत नाही, हे इथे पोरासोरांनाही ठाऊक. हैदराबादच्या ‘विल्यम पामर आणि कंपनी’विषयी वाचू लागलो तेव्हा हीच उचल मला एका अख्ख्या राज्याच्या मापाने दिसली.

विल्यम पामर (१७८०–१८६७) याचा बाप जनरल पामर, पुण्यात पेशव्यांच्या दरबारी इंग्रजांचा रेसिडेंट होता. आई फैज बक्ष, मुसलमान खानदानातली बेगम. शिक्षण इंग्लंडात, नोकरी निजामाच्या फौजेत, आणि पुढे पेढी हैदराबादेत. दोन्ही घरची भाषा आणि रीत जाणणारा हा माणूस दरबारातही बसे आणि रेसिडेन्सीतही.

आमच्याजवळच आसई आहे. तिथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी वेलस्लीने शिंदे-भोसल्यांचा पराभव केला आणि त्यानंतर या मुलखात इंग्रजांचा शब्द चालू लागला. निजामाच्या खर्चाने, पण इंग्रज अंमलदारांच्या हाताखाली फौज उभी राहिली. तिचा पगार वेळेवर हवा. खजिन्यात पैसा नाही. पेशकार राजा चंदूलालने पामरच्या पेढीकडे हात पसरला. पेढी फौजेला रोकड देई आणि त्या बदल्यात तालुक्यांचा महसूल तोडून घेई. म्हणजे पाऊस पडो न पडो, कुणब्याने भरलेला सारा आधी सावकाराच्या वहीत जमा.

परवानगीशिवाय संस्थानिकांना कर्ज देण्यास युरोपियनांना १७९७ च्या कायद्याने बंदी होती. १८१६ मध्ये गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जने पामरला ती परवानगी दिली. पेढीतला एक भागीदार सर विल्यम रम्बोल्ड. त्याची बायको हेस्टिंग्जच्या घरी मुलीसारखी वाढलेली. आता यात काय समजायचे ते वाचकांनी समजावे.

१८२० मध्ये साठ लाखांचे नवे कर्ज ठरले. जुनी देणी फेडू, फौज कमी करू, रयतेला तगाई देऊ, असे कारण सांगितले गेले. त्याच वर्षी चार्ल्स मेटकाफ रेसिडेंट म्हणून आला. त्याने वह्या तपासल्या तर बरीचशी रक्कम म्हणजे जुन्याच बाकीची नव्या नावाने केलेली नोंद निघाली. शिवाय आठ लाख भागीदारांचा बोनस म्हणून वर चढवलेले! व्याज अठरा टक्क्यांहून खाली नव्हतेच. मेटकाफ सांगत होता की कंपनी सरकारने सहा टक्क्यांनी पैसे द्यावेत आणि ही पेढी मिटवावी. हेस्टिंग्जला ते झोंबले. १८२३ च्या आरंभी तो गेला, तेव्हा कुठे वाट मोकळी झाली.

पण कर्ज फिटले कसे, ते बघण्यासारखे आहे. उत्तर सरकारांच्या मुलखापोटी कंपनी निजामाला दरसाल सात लाख पेशकश देणे लागत होती. निजामाने तो हक्क कायमचा सोडला, त्याबदल्यात एक कोटी सोळा लाखांवर रक्कम मिळाली आणि तीतून पामरची बाकी भागली. मेटकाफ प्रामाणिक होता, हे मी मानतो. तरी या व्यवहारात कंपनीचे काय गेले, हे मला अजून कोणी पटवून दिलेले नाही.

१८२४ मध्ये पेढी बुडाली. पामर मात्र हैदराबादेतच राहिला, म्हातारा झाला, तिथेच वारला. नळदुर्गकडच्या लोकांना मेडोज टेलर माहीत आहे, तो याचाच जावई.

पेढी गेली, फौजेचा खर्च राहिला. तो थकत गेला आणि १८५३ मध्ये त्यापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेला. आमच्या गावाहून धाडच्या वाटेला लागले की बुलडाणा जिल्हा येतो, तो जुना वऱ्हाड. तेव्हापासून शीव ओलांडली की सारा इंग्रजांच्या कचेरीत भरायचा, अलीकडे निजामाच्या.