सहा टक्क्यांचे वचन

१९६६ साली कोठारी आयोगाने आपला अहवाल सादर केला, तेव्हा त्यात एक रोखठोक हिशेब होता: १९८५-८६ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाचा सहा टक्के भाग शिक्षणावर खर्च व्हावा. गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीत ज्यांचा मोठा वाटा, ते जे. पी. नाईक आयोगाचे सदस्य-सचिव होते. खेड्यातली शाळा कशावर चालते हे त्यांना कोणी सांगावे लागत नव्हते. १९६८ च्या धोरणाने हा आकडा मान्य केला. १९८६ च्या धोरणाने आठव्या पंचवार्षिक योजनेपासून तो ओलांडण्याचे आश्वासन दिले. २०२० च्या धोरणात तो ‘लवकरात लवकर’ गाठावयाचा आहे. मुदत आधी लांबली, मग नाहीशीच झाली. आकडा मात्र एकदाही गाठला गेला नाही.

याचे एक कारण राज्यघटनेत शोधावे लागते. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा विषय राज्यसूचीतून समवर्ती सूचीत गेला. धोरण दिल्लीत ठरू लागले, पगाराचा मोठा बोजा मात्र राज्यांच्याच तिजोरीवर राहिला. ठरविणारा एक आणि देणारा दुसरा, अशा व्यवहारात वचने उदार असतात. सहा टक्क्यांपैकी केंद्राने किती उचलावे आणि राज्यांनी किती, हे २०२० चे धोरणही सांगत नाही.

त्याची झळ वर्गात लागते. नव्या धोरणाने विद्यार्थ्याला विषयनिवडीचे स्वातंत्र्य दिले, चार वर्षांच्या पदवीचा पर्याय दिला. (पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडण्याची सोयही आहे; शेतमजुराच्या मुलाच्या बाबतीत ही सोय की गळतीलाच दिलेले प्रतिष्ठित नाव, हा प्रश्नच आहे.) परंतु निवड म्हणजे अधिक विषय, आणि अधिक विषय म्हणजे अधिक अध्यापक. महाराष्ट्रातील महाविद्यालयांत मंजूर पदे रिक्त ठेवून तासिका तत्त्वावर काम भागविले जाते. घेतलेल्या तासांचेच मानधन; सुट्टीत काही नाही, पुढच्या वर्षी नेमणुकीची हमी नाही. मागे पडलेल्या विद्यार्थ्याजवळ तासानंतर अर्धा तास बसावे, तर तो अर्धा तास कोणत्याच बिलात बसत नाही. पदव्युत्तर पदवी, नेट, कित्येकदा पीएच.डी. झालेली माणसे चाळिशीपर्यंत अशी राबतात.

पुढील अर्थसंकल्पात आधी या पदांची तरतूद दिसावी. मग तीन रकाने भरावेत: केंद्राचा वाटा, राज्याचा वाटा आणि वर्ष. कोठारी आयोगाने निदान तिसरा रकाना भरला होता.