इंटरनेट मंदावले, दोष कोठे?

घरातील इंटरनेट मंदावले, की बहुतेक जण दोनच उपाय करतात. राउटर बंद करून पुन्हा चालू करायचा. तेवढ्याने भागले नाही, तर जादा पैसे भरून वरच्या वेगाची योजना घ्यायची. पहिला उपाय कधीकधी लागू पडतो. दुसरा मात्र पुष्कळदा वाया जातो, कारण दोष नेमका कोठे आहे हे कोणी पाहिलेलेच नसते. तो शोधण्याची रीत प्रयोगशाळेतलीच आहे: एका वेळी एकच गोष्ट बदला आणि दर वेळी मोजा.

प्रथम एककांचा घोटाळा दूर करू. कंपनी जो वेग सांगते तो मेगाबिटमध्ये असतो, तर फाइलीचा आकार आपण मेगाबाइटमध्ये मोजतो. १ बाइट म्हणजे ८ बिट. म्हणजेच सेकंदाला १०० मेगाबिट हा वेग प्रत्यक्षात साडेबारा मेगाबाइटच झाला. ७५० मेगाबाइटची फाइल उतरायला या वेगाने किमान १ मिनिट लागणारच. हा दोष नव्हे, हे गणित आहे.

आता माहितीच्या वाटेचे दोन भाग पाडा. बाहेरून राउटरपर्यंत येणारी तार हा पहिला भाग. राउटरपासून फोनपर्यंतच्या रेडिओलहरी हा दुसरा. घरातील इतर उपकरणे थोडा वेळ बंद ठेवा, संगणक तारेने थेट राउटरला जोडा आणि वेग मोजा. तारेवरही वेग कमी भरला, तर दोष जोडणीत, तारेत किंवा खुद्द राउटरमध्ये आहे. मग कंपनीकडे आकड्यांनिशी तक्रार करता येते. तारेवर वेग ठीक असेल, तर मात्र दोष घरातल्या घरात, लहरींच्या वाटेवर शोधावा.

असे का व्हावे बरे? अनेक राउटर २.४ गिगाहर्ट्‌झ वारंवारतेच्या लहरी वापरतात. प्रकाशाच्या वेगाला वारंवारतेने भागले, की तरंगलांबी मिळते साडेबारा सेंटिमीटर. अशा लहरी धातूवरून परावर्तित होतात आणि पाण्यात शोषल्या जातात. म्हणून लोखंडी कपाटामागे किंवा माशांच्या काचपेटीशेजारी ठेवलेला राउटर दुबळा वाटतो. मायक्रोवेव्ह भट्टीही सुमारे २.४५ गिगाहर्ट्‌झवरच चालते. तिच्यातून निसटणाऱ्या अत्यल्प लहरीसुद्धा अडथळा आणू शकतात. शेजाऱ्यांचे राउटरही त्याच पट्ट्यात बोलत असतात. त्यातील १, ६ व ११ या वाहिन्या एकमेकींवर चढत नाहीत. म्हणून त्यांपैकी कमी गर्दीची निवडावी. ५ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात जागा अधिक असते, पण त्या लहरी भिंतीतून जाताना जास्त क्षीण होतात. तेव्हा राउटरच्या खोलीत ५ आणि दूरच्या खोलीत २.४, असा प्रयोग करून पाहावा.

विद्यार्थी मित्रहो, वहीत एक तक्ता आखा. राउटरपासून २ मीटरवर, मधले दार लावून आणि भिंतीपलीकडे, असे तीन ठिकाणी वेग मोजा. प्रत्येक ठिकाणी तीन वाचने घेऊन सरासरी काढा. हेच दुपारी आणि रात्री करा. तारेवरचा वेग फक्त रात्रीच घसरत असेल, तर बाहेरच्या वाटेवर गर्दी होत असावी, असा अंदाज बांधता येतो. राउटर कपाटामागून काढून उंच, मोकळ्या जागी ठेवा आणि तक्ता पुन्हा भरा. नवी योजना घ्यायची की नाही, हे मग तो तक्ताच सांगेल.