कांद्याची खबर आणि जॅबरचा वारसा

डिसेंबर-जानेवारीत सोलापूरच्या श्री सिद्धेश्वर कृषी उत्पन्न बाजार समितीत कांद्याची आवक इतकी वाढते, की यार्डात गाडी लावायला जागा उरत नाही आणि कधी एखाद्या दिवसाचा लिलाव बंद ठेवावा लागतो. ही खबर मोहोळ-बार्शीकडच्या शेतकऱ्याला गाडी भरण्याआधी मिळाली तर निभावते. फाटकाशी मिळाली तर गाडीभाडे, मुक्काम आणि नासणारा माल पदरात पडतो. आज अशी खबर बहुधा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते, विक्रीच्या पट्टीचा फोटोही तिथेच येतो. सोय मोठी आहे, यात वाद नाही. पण ती ज्या तंत्रावर उभी राहिली ते खुले होते. मग सार्वजनिक निरोप एकाच कंपनीच्या दारातून का जावा?

जेरेमी मिलर या अमेरिकी प्रोग्रामरने जानेवारी 1999 मध्ये ‘जॅबर’ हे निरोप धाडण्याचे खुले तंत्र जाहीर केले. तेव्हा एका चॅट कंपनीच्या ग्राहकाला दुसरीच्या ग्राहकाशी बोलता येत नसे. जॅबरने प्रत्येकाला ईमेलसारखा पत्ता दिला. सर्व्हर वेगवेगळ्या मालकांचे असले तरी निरोप एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ लागला. फोन आणि सर्व्हर यांच्यातली जोडणी उघडीच राहते, त्यामुळे ‘काही आले का’ असे फोनला सारखे विचारावे लागत नाही. निरोप आला की सर्व्हरच तो पुढे धाडतो. 2004 मध्ये याचे नियम एक्सएमपीपी या नावाने खुले मानक झाले. व्हॉट्सअ‍ॅपने सुरुवातीला याच मानकाचा ‘इजॅबर्डी’ हा मुक्तस्रोत सर्व्हर घेतला आणि गरजेप्रमाणे बदलत नेला. 2012 च्या सुरुवातीला त्यांचा एकेक सर्व्हर 20 लाखांवर जोडण्या पेलत होता. ‘लीग ऑफ लेजेंड्स’ या खेळातल्या गप्पा आणि जित्सीवरच्या व्हिडिओ बैठका याच घराण्यातल्या. म्हणजे खुले तंत्र चाललेच नाही, हा समज खोटा आहे. चालले ते भरपूर; मात्र आपले दार बाहेरच्यांसाठी उघडे ठेवायचे की नाही, हे प्रत्येक कंपनीने स्वतःच्या सोयीने ठरवले. गूगल टॉकने 2006 मध्ये ते उघडले आणि हँगआउट्स हे नवे अ‍ॅप आल्यावर मिटून घेतले.

लोक जिथे आहेत तिथेच जावे, हा आक्षेप रास्त आहे. शेतकऱ्याने नवे अ‍ॅप घ्यावे असे कोणी म्हणतही नाही. समितीची अधिकृत सूचना तिच्या स्वतःच्या पत्त्यावरून निघावी आणि तिथून एसएमएस, व्हॉट्सअ‍ॅप, जिथे हवी तिथे जावी, एवढेच. 4 ऑक्टोबर 2021 च्या रात्री फेसबुक आणि व्हॉट्सअ‍ॅप सुमारे सहा तास बंद होते. असे पुन्हा झाले तर बाकीच्या वाटा चालू राहतील. दुसरा आक्षेप फुकट्या जाहिरातींच्या भडिमाराचा. खुल्या जाळ्यांना त्याचा त्रास झाला आहे, पण इथे पाठवणारी एकटी समिती आणि बाकी सगळे वाचणारे, तेव्हा ती वाट मुळातच बंद. आणि गुप्ततेचे म्हणाल, तर भाव किंवा लिलावाची सूचना काही गुपित नव्हे. ती खरी आहे का, हा खरा प्रश्न. दहा गटांतून फिरून आलेला ‘उद्या लिलाव बंद’ हा संदेश समितीचाच कशावरून? खुल्या मानकात सर्व्हर एकमेकांची ओळख तपासून घेतात, त्यामुळे दुसऱ्याचा पत्ता लावून निरोप धाडणे सोपे राहत नाही. अर्थात पुढे ढकललेल्या संदेशाची हमी कोणतेच तंत्र देत नाही. पण शंका आली तर मूळ सूचना पाहायला एक ठिकाण असते.

खर्चाचा मुद्दा मात्र झटकून टाकण्यासारखा नाही. सर्व्हर सांभाळायला जाणता माणूस लागतो आणि प्रत्येक समितीला तो परवडणार नाही. पण पुण्यात राज्याचे कृषी पणन मंडळ आहे. एकच व्यवस्था उभारून त्याने समित्यांना पत्ते द्यावेत. फ्रान्सने सरकारी नोकरांसाठी मॅट्रिक्स या दुसऱ्या खुल्या मानकावर ‘चॅप’ 2019 मध्ये सुरू केलेच. खुलेपणाचा आणखी एक फायदा आहे: सोलापुरात कांदा कर्नाटकातूनही येतो. नियम खुले असले तर विजयपूरचा एखादा तरुण समितीची तीच सूचना कन्नडमध्ये वाचून दाखवणारे अ‍ॅप, कोणत्याही कंपनीची परवानगी न मागता, बनवू शकेल.