माळवदाचं वजन
(विज्ञान अंगणात : लेखांक ७)

आज विज्ञानाचा एक अख्खा दिवस मांडतो, आणि तो माकणीत मांडतो. लोहारा तालुक्यातलं हे गाव निम्न तेरणा धरणाला लागून आहे. इथल्या मुलांना विज्ञान दाखवायला लांब न्यावं लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी हा सगळा परिसर भूकंपानं हादरला. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, माणसं गाढ झोपेत. सास्तूर, किल्लारी होत्याची नव्हती झाली. सुमारे दहा हजार माणसं गेली. आज शाळेत बसणाऱ्या पोरांनी हे आजी-आजोबांकडूनच ऐकलंय. म्हणून दिवसाची सुरुवात आजीच्या प्रश्नानं करावी : ‘आपलं घर का पडलं रं?’

भूकंपमापनाच्या पट्टीवर हा धक्का सुमारे ६.२ चा. जगात याहून मोठे धक्के बसतात आणि इतकी माणसं जात नाहीत. उत्तराचा मोठा भाग घरातच आहे. मुलांना एक लिटरचं माप द्या, त्यात कोरडी माती भरून काट्यावर ठेवायला सांगा. दीड किलोच्या आसपास भरते. आता जुन्या घराचा एक खण डोळ्यांपुढे आणा : दहा फूट लांब, दहा फूट रुंद, वर माळवदाची, म्हणजे मातीच्या सपाट छताची, फूटभर पांढरी माती. उन्हाळ्यात गारवा राहावा, पावसात गळू नये म्हणून दरसाल तिच्यावर नवा थर पडायचा. शंभर घनफूट म्हणजे साधारण २,८३० लिटर. गुणाकार मुलांनीच फळ्यावर करावा. सव्वाचार टन! एका खोलीच्या डोक्यावर! या आकड्यापाशी वर्गाला थोडा वेळ गप्प बसू द्यावं.

मग भिंत. दोन फूट जाड, म्हणजे भक्कम वाटायची. पण आतून आणि बाहेरून दगडांचे दोन वेगळे थर, मध्ये चिखल आणि बारीक दगड. दोन्ही थरांना बांधणारा लांब दगड क्वचितच. अंगणात असेच दोन थर रचून खालची फळी हलवली की बाहेरचा थर आधी ढासळतो. पोरं हे तीनतीनदा करून बघतात, बघू द्यावं.

दुपारी लाटा. वीस मुलं खांद्याला हात लावून ओळीत उभी करा. शेवटच्यानं पुढं ढकललं की धक्का सरळ पुढं जातो. ती प्राथमिक लाट, खडकातून सेकंदाला साधारण सहा किलोमीटर धावणारी. शेवटच्यानं डावी-उजवीकडं झुलवलं की दुय्यम लाट, साडेतीन किलोमीटरची. दोघी एकदम निघतात, पण एक मागं पडते. दोघींत एका सेकंदाचं अंतर पडलं तर भूकंपाचं केंद्र सुमारे आठ किलोमीटरवर. आभाळात वीज चमकल्यावर गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजून अंतर काढतो, तशीच ही रीत.

संध्याकाळी धरणावर. इथं मुलं विचारणारच : पाण्यामुळं झालं का? कोयनेचा ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप तिथल्या धरणाच्या जलाशयाशी जोडला गेला, तो आजही जगात अभ्यासाचा विषय आहे. तेरणेच्या जलाशयाबद्दल मात्र शास्त्रज्ञांत एकमत नाही. मुलांना हे तसंच सांगावं, माझा याबाबत आग्रह आहे. किल्लारीला भूगर्भशास्त्रज्ञांनी ६१७ मीटर खोल छिद्र घेतलं. सुमारे ३३८ मीटर काळा बेसाल्ट, खाली गाळाचा पातळ थर, मग प्राचीन खडक. आपण ज्या काळ्या पाषाणावर उभे आहोत, तो इतकाच जाड आहे, हे ऐकल्यावर पोरं पायाखाली बघतात.

घरी जाताना एकच काम द्यावं : आजीला विचारा, माळवद किती हात जाड होतं? खांब कुठल्या लाकडाचे होते? घराची कुठली बाजू आधी पडली? पुढच्या आठवड्यात हीच उत्तरं घेऊन आपण गावाचा नकाशा काढू.