एका घरात दोन शाळा, सुट्ट्याही दोन

२०२४ च्या दसऱ्याच्या आधीचा आठवडा. सोयाबीनची काढणी ऐन भरात आलेली. बियाण्यासाठी राखायच्या सोयाबीनची मळणी कशी करायची, यंत्राचे फेरे मिनिटाला चारशेच्या आत का ठेवायचे, हे दाखवायला मी एका गावात गेलो होतो. वार बुधवार, वेळ सकाळी अकराची. बांधावरच्या लिंबाखाली सहावीतली एक मुलगी बसली होती. पाच-सहा वर्षांचा भाऊ यंत्राकडं पळू नये म्हणून तिनं त्याचा हात घट्ट धरून ठेवलेला.

"शाळेला सुट्टी आहे का गं?" मी विचारलं. ती काही बोलली नाही. उत्तर आईनं दिलं.

"हिच्या शाळंला न्हाई साहेब. बारक्याच्या शाळंला हाय, दसऱ्याची. त्याला कुणापाशी ठिवू? सासूबाईला डोळ्यानं दिसंना. म्हणून हिला ठिवलं घरी."

मुलगी गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत, मुलगा तालुक्याच्या इंग्रजी शाळेत. असं घर आता प्रत्येक गावात सापडतं. बस दारात येते, मुलगा टाय लावून जातो, मुलगी दप्तर घेऊन मारुतीच्या पारामागच्या शाळेत जाते. ते बरं की वाईट हा आजचा विषय नाही. त्या बुधवारी सुट्टी मुलाला होती आणि खाडा मुलीचा पडला, एवढंच मी पाहिलं. नंतर गावोगाव फिरताना मुद्दाम विचारत गेलो, तेव्हा कळलं की हे एकट्या त्या घरातलं नाही. जि. प. शाळेतल्या गुरुजींना तर हे पाठ आहे. सोयाबीनच्या त्या पंधरवड्यात वरच्या वर्गातल्या मुली कमी होतात आणि दिवाळीनंतर पुन्हा दिसायला लागतात, असं मला तीन-चार शाळांत ऐकायला मिळालं.

सुट्टीची यादी कोण करतं?

गावात विचारलं तर "वरून येते" असं उत्तर मिळतं. ते अर्धंच खरं आहे.

जि. प. च्या प्राथमिक शाळांची यादी जिल्हा परिषदेचे प्राथमिक शिक्षणाधिकारी काढतात. गावातल्या अनुदानित हायस्कूलची यादी माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडून येते. त्यामुळं एकाच गावात, एकाच मैदानाच्या दोन टोकांना असलेल्या दोन शाळांची दिवाळीची सुट्टी एक-दोन दिवसांनी मागंपुढं झालेली आपण पाहतो. शिवाय जिल्हाधिकारी वर्षाला तीन स्थानिक सुट्ट्या जाहीर करतात आणि मुख्याध्यापकांच्या हातातही दोन-तीन सुट्ट्या असतात. गावच्या जत्रेला किंवा उरुसाला शाळा बंद असते ती बहुधा याच खात्यातून.

या सगळ्याला एक कुंपण आहे. माध्यमिक शाळा संहितेप्रमाणं रविवार सोडून वर्षभरातल्या सगळ्या सुट्ट्या मिळून ७६ च्या वर जाता कामा नयेत. दुसरं कुंपण शिक्षण हक्क कायदा २००९ चं. पहिली ते पाचवीला वर्षात किमान २०० दिवस आणि सहावी ते आठवीला २२० दिवस शाळा भरलीच पाहिजे. हे दिवस शाळेचे मोजले जातात. शाळा भरली की दिवस भरला. लिंबाखाली बसलेल्या मुलीचा दिवस कुठं मोजला जातो, ते हजेरीपटावर कळतं आणि परीक्षेत कळतं.

आता इंग्रजी शाळेचं पाहू. स्वयंअर्थसहाय्यित शाळा, त्यातही सीबीएसई मंडळाची असेल तर तिचं वर्ष १ एप्रिलला सुरू होतं. आपली जि. प. शाळा वार्षिक परीक्षेच्या तयारीत असते तेव्हा ती पोरं नव्या वर्गाची नवी पुस्तकं घेऊन निघतात. मग मे महिन्यात सुट्टी, जूनमध्ये पुन्हा शाळा. दसऱ्याला काही ठिकाणी आठवडा, दिवाळीला थोडी, नाताळाला थोडी. कॅलेंडर संस्था छापते आणि प्रवेशाच्या वेळी हातात देते. आपण त्यात फीचे हप्ते पाहतो, सुट्टीचं पान पाहत नाही. मीही पाहिलं नव्हतं.

माझा मुलगा अशाच एका शाळेत जातो. पहिल्या वर्षी पोळ्याला शाळा चालू. सासुरवाडीला बैलं सजवलेली, पोरगं हट्टाला पेटलेलं. मी शाळेत फोन केला तर म्हणाले, कॅलेंडरमध्ये नाही. पुढच्या वर्षी आमच्या बसमार्गावरच्या पाच गावांतल्या पालकांनी एकमेकांना विचारलंसुद्धा नाही, पोरंच पाठवली नाहीत. बस तीन लेकरं घेऊन गेली. त्यातलं एक ड्रायव्हरचं होतं. अजून त्या कॅलेंडरात पोळा काही आलेला नाही. पण त्या दिवशी चाचणी परीक्षा ठेवायची नाही, एवढं शाळेनं मान्य केलं.

एक सुट्टी मात्र सगळ्यांना सारखी असते. अतिवृष्टी झाली, पूर आला, तर जिल्हाधिकारी आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ खाली शाळा बंद ठेवण्याचा आदेश काढतात. मग जि. प., अनुदानित, इंग्रजी, सगळ्या शाळांना टाळं. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात पावसानं थैमान घातलं तेव्हा बऱ्याच जिल्ह्यांनी हे अनुभवलं. मार्च २०२० मध्ये करोनात तर सगळ्या राज्यानं अनुभवलं.

दिवाळी सरकते, पीक आपल्या चालीनं येतं

आता माझ्या खात्याचा मुद्दा. आपली मोठी सुट्टी दिवाळीला बांधलेली आहे आणि दिवाळी तिथीला. लक्ष्मीपूजन २०२३ ला १२ नोव्हेंबरला होतं, २०२४ ला १ नोव्हेंबरला, २०२५ ला २१ ऑक्टोबरला. २०२६ चं ८ नोव्हेंबरला. तीन आठवड्यांचा फरक पडतो. सोयाबीनला तिथी कळत नाही. जूनच्या शेवटी पेरलेलं साधारण शंभर दिवसांचं वाण ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात काढणीला येतं. पानं गळाली, शेंगा पिवळसर-तपकिरी झाल्या की थांबायला वाव नसतो. जेएस-३३५ सारखं वाण चार दिवस जास्त उभं राहिलं की शेंगा तडकतात आणि दाणा रानात सांडतो. एमएयूएस-१५८ थोडी कळ काढतं, पण तेही किती काढणार? त्यात परतीच्या पावसाची धास्ती असतेच. मजूर उक्तं घेतात, सगळ्या गावाला एकाच वेळी हवे असतात आणि घरातली बाई आठ-दहा दिवस घरी नसते.

ज्या वर्षी दिवाळी नोव्हेंबरात, त्या वर्षी जि. प. शाळेची मोठी सुट्टी लागते तेव्हा सोयाबीन घरात किंवा बाजारात गेलेलं असतं. गरज होती तेव्हा शाळा चालू, आणि सुट्टी लागली तेव्हा रान मोकळं. कापूसपट्ट्यात वेचणी महिनोनमहिने चालते, तिथं हे गणित असं बसत नाही. पण सोयाबीनचा हंगाम आखूड आहे, म्हणून तिथं काही करता येईल असं मला वाटतं.

करता येतं का? कागदावर तरी येतं. शिक्षण विभागाच्या एप्रिल २०२२ च्या परिपत्रकात उन्हाळ्याची सुट्टी कळवताना आणखी एक गोष्ट लिहिलेली होती. उन्हाळ्याची किंवा दिवाळीची लांब सुट्टी कमी करून, त्याऐवजी गणेशोत्सव किंवा नाताळ यांसारख्या सणांना, शिक्षणाधिकाऱ्यांच्या परवानगीनं सुट्टी देता येईल. म्हणजे ७६ चं कुंपण न ओलांडता आतली वाटणी बदलता येते. कोकणात गणपतीसाठी शाळा बंद राहतात हे सगळ्यांना माहीत आहे. विदर्भाचं उदाहरण तर त्याहून मोठं आहे. तिथल्या उन्हामुळं शाळा दरवर्षी उशिरा उघडतात. २०२२ ला बाकी राज्यात १३ जूनला, विदर्भात २७ जूनला. २०२५ ला १६ आणि २३ जून, त्यातही विदर्भात पहिला आठवडा सकाळची शाळा. उन्हापुढं कॅलेंडर वाकतं, गणपतीपुढं वाकतं. काढणीसाठी कुणी मागितलेलंच नाही.

मागायचं कुणी? शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ९ प्रमाणं शैक्षणिक वर्षाचं वेळापत्रक ठरवणं हे स्थानिक प्राधिकरणाचं, म्हणजे आपल्याकडं जिल्हा परिषदेचं काम आहे. आणि प्रत्येक सरकारी व अनुदानित शाळेला शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात पाऊण सभासद पालक, निम्म्या महिला. बहुतेक गावांत ही समिती सही करण्यापुरती उरली आहे. रागावू नका, पण सरपंच, ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं) आणि आम्ही कृषी सहाय्यक (आमचंही नाव बदललंय) यांनी कधी त्या सभेत बसून पिकाच्या तारखा सांगितल्यात का? मी तर गेलो नव्हतो. २०२५ च्या जूनमध्ये पहिल्यांदा एका गावात गेलो. सभेला आलेल्या बायकांनी पाच मिनिटांत ठराव सांगितला. दिवाळीतले तीन दिवस कमी करा आणि सोयाबीन काढणीला द्या.

त्यावर अडचणी निघाल्या त्याही खऱ्या होत्या. एक शिक्षक म्हणाले, "साहेब, माझं घर साडेतीनशे किलोमीटरवर. दिवाळीचं रिझर्व्हेशन मी दोन महिने आधी करतो. तुमचं सोयाबीन कधी पिकणार ते मला ऑगस्टमध्ये सांगाल का?" प्रश्न बरोबर होता. यादी वर्षाच्या सुरुवातीला होते आणि पेरणी पावसावर. पण पेरणी झाल्यावर जुलैच्या मध्यापर्यंत मी पाच-सात दिवसांच्या फरकानं काढणीची तारीख सांगू शकतो. म्हणून जूनमध्ये तीन दिवसांची मंजुरी घेऊन ठेवायची आणि तारीख ऑगस्टमध्ये भरायची, असा मार्ग निघतो.

मुख्याध्यापकांचं म्हणणं निराळं होतं. सुट्टी दिली की पोरं रानातच राबणार. हेही खोटं नाही. २०१६ च्या दुरुस्तीनंतर बालकामगार कायदा चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर लावायला मनाई करतो. शाळेनंतर किंवा सुट्टीत घरच्यांना, धोका नसलेल्या कामात हातभार लावायची तेवढी सवलत आहे. मळणी यंत्र त्यात बसत नाही, हे मी प्रत्येक सभेत सांगतो. ओढणी, पदर, सदऱ्याची बाही यंत्रात ओढली जाते आणि माणूस जन्माचा अधू होतो. तीन दिवसांची सुट्टी मागायची ती मुलांना कामाला लावायला नव्हे. आज जो खाडा मुलींच्या एकट्यांच्या नावावर पडतो, तो पडू नये आणि त्या दिवसांचं शिकवणं बुडू नये, एवढ्यासाठी.

इंग्रजी शाळेच्या बाबतीत मात्र हा रस्ता बंद आहे. विनाअनुदानित खासगी शाळेला शाळा व्यवस्थापन समितीचं बंधन या कायद्यानं घातलेलं नाही. ग्रामसभेचा ठराव तिला लागू होत नाही. तिथं पालक-शिक्षक संघ आणि बसमार्गावरच्या गावांची एकी, एवढंच हातात आहे. जि. प. ची यादी जूनमध्ये हातात आली की तिची एक प्रत त्या शाळेच्या कार्यालयात नेऊन द्यावी आणि दसऱ्याची सुट्टी कधी ते त्याच वेळी लिहून घ्यावं. निदान आठ दिवस आधी घरात कळलं तर लहानग्यासाठी मावशी, आजी, शेजारीण कुणीतरी बघता येतं. अंगणवाडीताईंना त्याला सांभाळायला सांगू नये. तो त्यांच्या पटावर नाही आणि त्यांच्यामागं आधीच पुष्कळ लावलंय.

त्या गावचा ठराव मुख्याध्यापकांच्या सहीनं केंद्रप्रमुखांकडं गेला, तिथून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडं. २०२५ ला सप्टेंबरच्या पावसात अर्धं सोयाबीन रानातच कुजलं आणि कुणाला सुट्टीची आठवण राहिली नाही. ठरावाची प्रत मी जपून ठेवली आहे. लिंबाखालची मुलगी तेव्हा सातवीत गेली होती. तिच्या आईनं त्यावर पहिली सही केली आहे.